जनसुनावणीच्या कागदात तिसरा रकाना हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

साखर कारखान्याचे विस्तारीकरण असो, दगडखाण असो की नवे बंदर, पर्यावरण जनसुनावणीची बातमी बहुतेक वेळा दोनच मथळ्यांखाली येते: ‘ग्रामस्थांचा तीव्र विरोध’ नाही तर ‘सुनावणी गोंधळात गुंडाळली’. किती लोक आले, कोण काय म्हणाले, घोषणा कोणत्या झाल्या, हे सगळे बातमीत असते. इतिवृत्त वाचून दाखवले का, त्यावर त्याच दिवशी सही झाली का, हे मात्र सहसा नसते. प्रकल्पाचे भवितव्य पुढे ज्या कागदावर ठरते तो कागद हाच. मांडवात मतदान होत नाही. तिथे बसलेल्या जिल्हाधिकाऱ्यांना परवानगी देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकारही नसतो. परवानगी केंद्राचे मंत्रालय किंवा राज्याचे पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण देते. त्यांच्या तज्ज्ञ समितीतले कोणी सुनावणीला आलेले नसते. त्यांच्यापुढे येतात ती कागदपत्रे आणि चित्रीकरणाची प्रत.

या सुनावणीचे नियम 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेच्या परिशिष्ट 4 मध्ये आहेत. 2009 मध्ये त्यांत काही दुरुस्त्या झाल्या. दोन-तीन पानांचा मजकूर आहे आणि तो बऱ्यापैकी स्वच्छ आहे. तरी मांडवात तो हातात असलेला माणूस क्वचितच दिसतो, म्हणून हे पत्र. मूळ मागणी, म्हणजे इतिवृत्तासोबतच्या तक्त्यात निर्णय देणाऱ्याच्या मताचा तिसरा रकाना, ती शेवटी मांडतो.

आधी मुदतीबद्दल. प्रकल्पप्रवर्तकाने, म्हणजे प्रकल्प उभारू पाहणाऱ्याने, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सदस्य सचिवांना पत्र द्यायचे आणि सोबत पर्यावरण आघात मूल्यांकन अहवालाच्या (प्रकल्पाचे परिसरावर काय परिणाम होतील ते सांगणाऱ्या अहवालाच्या) मसुद्याच्या किमान 10 छापील प्रती जोडायच्या. त्यानंतर 7 दिवसांत मंडळाने तारीख, वेळ आणि नेमकी जागा ठरवून एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात जाहिरात द्यायची. लोकांना हरकती-सूचनांसाठी किमान 30 दिवस मिळालेच पाहिजेत. पत्र मिळाल्यापासून 45 दिवसांत सुनावणी पूर्ण व्हायला हवी. वृत्तपत्र पोहोचत नसेल तिथे दवंडी पिटवावी, रेडिओ-दूरचित्रवाणीवरून कळवावे, असेही नियमात लिहिले आहे. 2020 च्या मसुदा अधिसूचनेत हे 30 दिवस 20 वर आणण्याचा घाट घातला होता. त्या मसुद्यावर देशभर हरकती गेल्या, दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत वाढवून तो सर्व अनुसूचित भाषांत उपलब्ध करायला सांगितले, आणि तो अंतिम झाला नाही. म्हणजे आजही 30 दिवस कायम आहेत आणि ते मोजायचे जाहिरातीच्या तारखेपासून.

इथे थोडे आपल्याही दारात बोलतो. ही जाहिरात आपल्यासारख्या दैनिकांत येते ती आतल्या पानावर, नाव बदलल्याच्या आणि मिळकतीचे मूळ दस्त हरवल्याच्या नोटिशींच्या शेजारी. आकार तळहाताएवढा. गावाचे नाव शोधायला भिंग लागते. नियमाची पूर्तता होते, पण गावाला कळते ते मांडव पडल्यावर. जाहिरातीचा आकार वाढवायला प्रवर्तकाला पदरचे पैसे मोजावे लागतील, ते त्याने मोजावेत. पण जिल्हा आवृत्तीत ‘अमुक गावी अमुक तारखेला सुनावणी, अहवाल अमुक कार्यालयात पाहायला मिळेल’ एवढी तीन ओळींची बातमी छापायला कोणाची हरकत असणार?

अहवाल पाहायला मिळणे हा दुसरा अडथळा. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद किंवा महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र आणि संबंधित ग्रामपंचायत वा नगरपालिका यांच्याकडे अहवालाची प्रत पाठवणे प्रवर्तकावर बंधनकारक आहे. सुनावणी संपेपर्यंत कार्यालयीन वेळेत ती कोणालाही पाहू द्यायची असते. प्रत्यक्षात प्रत ग्रामसेवकाच्या कपाटात असते, आणि ग्रामसेवकाकडे तीन गावांचा भार असल्याने कपाट सोमवार-गुरुवारच उघडते. ‘प्रत आली नाही’ असे तोंडी उत्तर मिळाले तर तिथेच न थांबता त्याच दिवशी एका ओळीचा अर्ज ग्रामपंचायतीत द्यावा, पोच घ्यावी आणि त्याची प्रत मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात द्यावी. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात हा आवक क्रमांक आणि तारीख कामाला येते. ‘आम्हाला अहवाल मिळालाच नाही’ हे नुसते विधान तिथे टिकत नाही.

भाषेचे दुखणे जुने आहे. नियमाप्रमाणे मराठीत लागतो तो फक्त सारांश. मूळ अहवाल, म्हणजे काही शे पानांचा ऐवज, इंग्रजीतच असतो. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची सुनावणी 16 मे 2010 रोजी माडबनला झाली, तेव्हाही मराठीतला अहवाल वेळेत न मिळाल्याची तक्रार होती. सारांश वीस-पंचवीस पानांचा असतो आणि त्यात ‘प्रदूषणाची पातळी विहित मर्यादेत राहील’ अशी वाक्ये असतात. ज्या तक्त्यावरून ते वाक्य काढले तो तक्ता मात्र नसतो. मंडळाने अख्खा अहवाल भाषांतरित करून मागितला नाही तरी चालेल. प्रकरण 3, 4 आणि 10 मराठीत असल्याशिवाय सुनावणीचा अर्ज स्वीकारू नये. अहवालाचा साचा अधिसूचनेनेच ठरवून दिला आहे: तिसऱ्यात परिसराची सध्याची स्थिती, चौथ्यात अपेक्षित परिणाम आणि त्यावरचे उपाय, दहाव्यात पर्यावरण व्यवस्थापन आराखडा. ज्यांना इंग्रजी जमते त्यांनीही पहिल्या पानापासून सुरुवात करू नये. वेळ कमी असतो. तिसऱ्या प्रकरणातले तक्ते आधी काढावेत.

त्या तक्त्यांत काय पाहायचे? पाण्याचे नमुने कोणत्या गावांतून घेतले आणि कोणत्या महिन्यांत. बहुतेक प्रकल्पांना पावसाळा सोडून एका हंगामाची निरीक्षणे चालतात, त्यामुळे हिवाळ्यातले आकडे सोयीचे पडतात. तेव्हा विहिरी भरलेल्या असतात. एप्रिल-मेमध्ये त्याच विहिरीचा तळ दिसतो, ही गोष्ट अहवालात येत नाही आणि ती सांगणारे फक्त स्थानिक लोक असतात. माहिती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, असा मंत्रालयाचा दंडक आहे. नमुन्यांच्या तारखा म्हणूनच तपासाव्यात. हवेतील दहा मायक्रॉनपर्यंतच्या धुलिकणांची चोवीस तासांची मर्यादा 100 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. सध्याच 85-90 दाखवत असतील आणि प्रकल्पामुळे 15 ची भर पडणार असेल, तर ‘विहित मर्यादेत’ हे वाक्य कसे आले, हा प्रश्न तिथल्या तिथे विचारता येतो. दहा किलोमीटर त्रिज्येच्या नकाशात आपली वाडी, ओढा, देवराई, पाणीपुरवठ्याची विहीर दाखवली आहे का, हे तर शाळकरी मुलगाही पाहू शकेल. कधी कधी दुसऱ्याच जिल्ह्यातल्या प्रकल्पाच्या अहवालातली गावे, झाडे, पक्षी जसेच्या तसे उतरलेले असतात. असे एक नाव सापडले तर पान क्रमांकासह लिहून द्यावे. संपूर्ण अहवालाच्या विश्वासार्हतेवर त्याने जितका प्रश्न उभा राहतो तितका तासाभराच्या भाषणाने राहत नाही.

प्रत्यक्ष सुनावणीत अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो, आणि तो प्रतिनिधी अपर जिल्हा दंडाधिकारी दर्जाच्या खालचा चालत नाही. सुरुवातीलाच अध्यक्षांचे नाव आणि पद विचारून ते नोंदवायला लावावे. हजेरी नोंदली जाते, संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण होते. गणपूर्ती लागत नाही. आधी प्रवर्तकाचे सादरीकरण, मग लोकांचे प्रश्न. ‘हजर असलेल्या प्रत्येक व्यक्तीला’ माहिती किंवा खुलासा विचारण्याची संधी द्यायची, असे कलम 6.4 सांगते. तुम्ही या गावचे नाही, खाली बसा, हे अध्यक्षांनी म्हणायचे नसते आणि प्रवर्तकाच्या माणसांनी तर नाहीच. मात्र अधिसूचनेची रचना अशी की सुनावणी प्रामुख्याने स्थानिक बाधितांसाठी आणि इतरांसाठी लेखी हरकतींचा मार्ग. म्हणून बाहेरगावच्या अभ्यासकांनी मांडवातल्या माइकवर विसंबून राहू नये. आपले म्हणणे आधीच लेखी देऊन ठेवावे.

किती मिनिटे बोलायचे याबद्दल नियमात एक अक्षर नाही, आणि नेमके इथेच सगळे अध्यक्षांच्या मर्जीवर जाते. सादरीकरण भर दुपारी, पांढऱ्या कापडाच्या मांडवात, पडद्यावर काही दिसत नसताना तासभर चालते. मग पुढाऱ्यांची भाषणे. मग ‘वेळ कमी आहे, तेच मुद्दे परत नकोत’. मागच्या रांगेत बसलेल्या बायकांपर्यंत माइक पोहोचतो तेव्हा अर्धे लोक पांगलेले असतात, आणि पाणी भरायचे काम तर त्यांचेच असते. मंडळाने राज्यभरासाठी एक परिपत्रक काढून हे सहज सुधारता येईल: सादरीकरण वीस मिनिटे, मराठीत. बोलू इच्छिणाऱ्यांना प्रवेशद्वारीच क्रमांकाच्या चिठ्ठ्या, आणि त्या क्रमानेच नावे पुकारणे. प्रत्येकी पाच मिनिटे, लोकप्रतिनिधींनाही तेवढीच. महिलांसाठी दुसरा माइक. प्रश्न विचारल्यावर त्याचे उत्तर लगेच, पुढच्या माणसाला बोलावण्याआधी. आज दहा-दहा प्रश्न गोळा करून शेवटी एकत्र उत्तर देण्याची रीत पडली आहे, तीत सात प्रश्न हवेत विरतात.

आता इतिवृत्ताकडे येतो. सगळे गाडे इथेच अडते. नियम असा: व्यक्त झालेली सर्व मते आणि शंका अचूक उतरवणारा गोषवारा मंडळाच्या प्रतिनिधीने लिहायचा, तो सुनावणीच्या शेवटी स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवायचा, आणि मान्य झालेल्या इतिवृत्तावर अध्यक्षांनी त्याच दिवशी सही करायची. प्रत्यक्षात साडेचार वाजलेले असतात, मांडववाला खुर्च्या एकात एक घालू लागलेला असतो, अधिकाऱ्यांची गाडी सुरू झालेली असते. कोणीतरी म्हणते, ‘सर्वांचे मुद्दे नोंदवले आहेत, कार्यालयातून पाठवू.’ लोकही दमलेले असतात, टाळ्या होतात आणि विषय संपतो. नंतर संकेतस्थळावर येणाऱ्या कागदात चाळीस जणांच्या म्हणण्याची एक ओळ झालेली असते: ‘काही ग्रामस्थांनी प्रदूषणाबाबत चिंता व्यक्त केली.’ समोरच्या रकान्यात प्रवर्तकाचे उत्तर: ‘सर्व नियमांचे पालन केले जाईल.’ म्हणून निदान दहा-बारा माणसांनी शेवटपर्यंत बसायचे, हे गावाने आधीच ठरवून ठेवावे. वाचन झाले नाही तर ‘इतिवृत्त वाचून दाखवलेले नाही’ असे माइकवर, कॅमेऱ्यासमोर, तारीख-वेळेसह सांगावे आणि तेच अर्जात लिहून तिथल्या तिथे पोच घ्यावी. वाचन झाले आणि एखादा मुद्दा सुटला असेल तर सहीपूर्वीच तो घालून घ्यावा.

आक्षेप कसा मांडला यावरही पुष्कळ ठरते. ‘आमचा या प्रकल्पाला कडाडून विरोध आहे’ या वाक्याला समितीपुढे उत्तर द्यावे लागत नाही. ‘नोंद घेतली’ एवढे पुरते. त्याऐवजी असे लिहिता येते: अहवालाच्या अमुक पानावरील तक्त्यात भूजलाचे नमुने डिसेंबर ते फेब्रुवारीतले आहेत. गट क्रमांक अमुकमधील सार्वजनिक विहीर प्रकल्पाच्या हद्दीपासून 400 मीटरवर असून ती तक्त्यात नाही. मे महिन्यात तिथे टँकर लागतो, टँकर फेऱ्यांचा तहसील कार्यालयातील उतारा सोबत जोडला आहे. प्रकल्पाची रोजची पाण्याची गरज अमुक घनमीटर दाखवली आहे, तिचा उन्हाळ्यातील स्रोत कोणता? उन्हाळ्यातील नमुने घेऊन अहवाल सुधारावा. पान, जागा, पुरावा, मागणी. अर्धे पान पुरते. नाव, गाव, गट क्रमांक आणि प्रकल्पापासूनचे अंतर वर लिहावे. एकाच मजकुराच्या पाचशे छापील प्रतींवर सह्या घेतल्या तर इतिवृत्तात त्या एकच आक्षेप म्हणून जातात. पन्नास जणांनी आपापल्या विहिरीबद्दल, ओढ्याबद्दल, रस्त्यावरच्या डंपरबद्दल वेगवेगळे लिहिले तर पन्नास उत्तरे द्यावी लागतात. नोकरीची मागणी आणि जमिनीचा भाव हेही लोक बोलणारच, बोलावे. पण जमिनीचा भाव ठरवणे या समितीच्या कक्षेत येत नाही, आणि अख्खी सुनावणी त्यातच गेली की प्रवर्तक सुटतो.

प्रवर्तकाने मांडवात दिलेल्या आश्वासनांना आज पूर्वीपेक्षा जास्त वजन आहे. मंत्रालयाच्या 30 सप्टेंबर 2020 च्या कार्यालयीन ज्ञापनाप्रमाणे, सुनावणीतील मुद्द्यांवर प्रवर्तकाने जे करू म्हटले ते व्यवस्थापन आराखड्यात प्रत्यक्ष कामांच्या स्वरूपात यायला हवे आणि परवानगीची अट म्हणून लागू व्हायला हवे. ‘गावाच्या विकासाला हातभार लावू’ यावर टाळ्या वाजवण्यात अर्थ नाही. किती किलोमीटर रस्ता, किती झाडे आणि कोणत्या गटात, किती वर्षे टँकर, किती रुपये, कोणत्या महिन्यापर्यंत, हे विचारून आकडा इतिवृत्तात घालून घ्यावा. परवानगी मिळाल्यावर प्रवर्तकाला दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. आकडा नसेल तर त्यात तपासायचे काय?

बहिष्काराबद्दल मात्र परखडपणे लिहायला हवे. सुनावणी उधळणे किंवा तिच्यावर बहिष्कार टाकणे हा अनेक गावांचा आवडता मार्ग आहे. त्यामागचा राग समजण्यासारखा आहे. पण गणपूर्ती लागत नसल्याने दहा माणसांतही सुनावणी रीतसर ‘पार पडते’, आणि कागदावर आक्षेप शून्य राहतात. त्याहून वाईट म्हणजे, स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने मत मांडता येईल अशी सुनावणी शक्य नाही, असे मंडळाने कळवले तर सुनावणी वगळूनच पुढे जाण्याची मुभा अधिसूचनेत आहे. म्हणजे उधळलेली सुनावणी प्रवर्तकाच्या पथ्यावरही पडू शकते. तारीख पुढे ढकलणे फक्त आणीबाणीच्या प्रसंगी आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या शिफारशीवरूनच शक्य आहे. त्यानंतर नवी जाहिरात देऊन सगळे पुन्हा करावे लागते. अहवाल मिळाला नाही म्हणून सुनावणी पुढे ढकला, ही मागणी करायची तर ती आठवडाभर आधी लेखी करावी. सभात्याग करायचाच असेल तर आक्षेपांचा गठ्ठा टेबलावर ठेवून, पोच घेऊन मग करावा.

सुनावणी संपल्यावर मंडळाने 8 दिवसांत इतिवृत्त परवानगी देणाऱ्या नियामक प्राधिकरणाकडे पाठवायचे असते. ते ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय आणि मंडळाच्या फलकावर व संकेतस्थळावर लावायचे असते. त्यातील चुका थेट प्राधिकरणाला आणि प्रवर्तकाला कळवण्याची तरतूद आहे. ती फार थोडे लोक वापरतात. चित्रीकरण, हजेरीपट आणि सही केलेले इतिवृत्त माहिती अधिकारात मागता येते. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, 10 रुपयांचे कोर्ट फी मुद्रांक लावून. चित्रीकरण आणि इतिवृत्त शेजारी शेजारी ठेवून तफावतीचा तक्ता करणे हे दोन-तीन तासांचे काम आहे. परवानगी मिळालीच तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदत 30 दिवस, सबळ कारण असल्यास आणखी जास्तीत जास्त 60. त्यानंतर दार बंद. पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे.

आता मूळ मागणी. इतिवृत्तासोबत जो तक्ता जातो त्यात दोनच बाजू असतात: लोकांचा मुद्दा आणि प्रवर्तकाचे उत्तर. ते उत्तर खरे की खोटे, पुरेसे की अपुरे, याबद्दल निर्णय देणाऱ्याचे मत त्या तक्त्यात कुठेही येत नाही. समितीच्या बैठकीच्या इतिवृत्तात पुष्कळदा ‘जनसुनावणीतील मुद्द्यांवर समितीने चर्चा केली’ यापलीकडे फारसे काही नसते. हे असेच असायला हवे असे नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा वीजदराचा कोणताही आदेश उघडून पाहावा. ग्राहकांचा आक्षेप, त्यावर महावितरणचे उत्तर आणि त्याखाली आयोगाचा निष्कर्ष, असे विषयवार छापलेले असते. निष्कर्ष पटो न पटो, कोणत्या कारणाने आपले म्हणणे फेटाळले ते ग्राहकाला कळते आणि अपिलात त्यावर बोट ठेवता येते. गोव्यातल्या एका खाणीच्या परवानगीवर ‘उत्कर्ष मंडळ’ने केलेल्या याचिकेत दिल्ली उच्च न्यायालयानेही नोव्हेंबर 2009 मध्येच, सुनावणीतील आक्षेपांचा विचार करून तज्ज्ञ समितीने कारणे दिली पाहिजेत, असा निर्वाळा दिला आहे.

राज्याच्या प्राधिकरणाला आणि त्याच्या तज्ज्ञ समितीला यासाठी केंद्राच्या दुरुस्तीची वाट पाहण्याची गरज नाही. मंडळाकडून आलेल्या तक्त्यात तिसरा रकाना घालून त्यात ‘मान्य’, ‘अमान्य, कारण’ किंवा ‘अट क्रमांक अमुक घातली’ एवढे लिहून तो परवानगीपत्राला जोडायचा आहे. चाळीस आक्षेपांसाठी चाळीस ओळी. प्रवर्तकाने आज ना उद्या न्यायाधिकरणात परवानगीचा बचाव करायचाच असतो, तेव्हा त्यालाही हा कागद उपयोगी पडेल.

आपल्या जिल्हा प्रतिनिधींनाही एक विनंती. पुढच्या सुनावणीला गेल्यावर घोषणांच्या जोडीला एवढे जरूर टिपावे: अध्यक्ष कोणत्या पदावरचे होते, सादरीकरण किती वेळ आणि कोणत्या भाषेत झाले, किती जणांना बोलता आले, आणि इतिवृत्त वाचून दाखवून किती वाजता सही झाली.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी